चाइल्ड प्रोसेसचा मृत्यू गृहीत धरता येत नाही

नागपूरच्या जरीपटक्यात रविवारी सकाळी भरणाऱ्या आमच्या छोट्या अभ्यासमंडळात सिस्टिम्स प्रोग्रामिंग शिकू पाहणारे तरुण येतात. त्यांपैकी काही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असतात, काही मिहानमधील कंपन्यांत नुकते रुजू झालेले असतात. आणि त्यांच्यापुढे एका अनुभवी स्नेह्यांनी अलीकडे जे मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले ते इतक्या सहजपणे स्वीकारले गेले की, त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटू लागले आहे. त्यांचे म्हणणे, माझ्याकडून त्यात काही न्यून राहू न देता सांगायचे तर, असे : एखाद्या प्रोसेसने निर्माण केलेल्या चाइल्ड प्रोसेस वेळेवर संपतात की नाही याच्या चाचण्या लिहिणे हा कालापव्यय होय, कारण कर्नेल अखेरीस सर्व काही आवरून घेतोच, शिवाय अशा चाचण्या आज उत्तीर्ण तर उद्या अनुत्तीर्ण होणाऱ्या, म्हणजे स्वभावतःच बेभरवशाच्या असतात, आणि एवढ्यावरही कोणाचा आग्रह असेलच तर थांबण्यास सांगणारा सिगटर्म हा सिग्नल पाठवावा, एक सेकंद स्लीप करावे, आणि किल या कॉलला शून्य क्रमांकाचा सिग्नल देऊन त्या प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे पीआयडी, अस्तित्वात आहे काय ते पाहावे, इतक्याने काम भागते. मंडळाच्या सामायिक कोडमधून या प्रकारच्या सर्व चाचण्या काढून टाकाव्यात असा प्रस्तावही त्यांनी ठेवला आहे. त्यांचा व्यासंग मला ठाऊक आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरी या प्रस्तावाला माझा विरोध आहे, आणि त्याची कारणे लेखी नमूद असावीत अशी माझी इच्छा आहे.

कर्नेल सर्व आवरून घेतो हे वाक्य ज्या अर्थाने ते उच्चारले गेले त्या अर्थाने युनिक्सच्या वंशातील कोणत्याही कार्यप्रणालीला लागू पडत नाही. जनक प्रोसेस मरण पावली म्हणून तिची अपत्ये मरत नाहीत. ती पोरकी होतात, आणि कर्नेल त्यांचे पालकत्व पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसकडे, म्हणजे इनिटकडे, अथवा लिनक्सच्या २०१२ सालच्या ३.४ या आवृत्तीपासून, ज्या पूर्वजाने स्वतःला सबरीपर म्हणून जाहीर केले असेल अशा जवळच्या पूर्वजाकडे सोपवतो. आणि ती अपत्ये आपले काम, ते आता कोणाच्या उपयोगाचे असो वा नसो, पुढे चालूच ठेवतात. टर्मिनलची खिडकी बंद केली की तिच्यातून सुरू केलेला प्रोग्राम संपतो, हा सर्वांच्या रोजच्या अनुभवातला प्रकार सिगहप या सिग्नलमुळे घडतो आणि तो टर्मिनलच्या सत्रापुरता मर्यादित आहे. पण त्या अनुभवावरून एक सार्वत्रिक नियम बांधला गेला आणि तो नियम मग जेथे टर्मिनल नाहीच अशा ठिकाणी, म्हणजे सर्व्हरवर आणि चाचण्यांच्या स्वयंचलित यंत्रणेत, बिनदिक्कत लावला गेला. तेथे मागे राहिलेले एखादे अपत्य टीसीपीचे पोर्ट अडवून बसते, पुढची चाचणी पत्ता आधीच वापरात असल्याची तक्रार करून कोसळते, आणि दोष त्या निरपराध चाचणीच्या माथी येतो. चाचण्या स्वभावतःच बेभरवशाच्या असतात हे जे आमच्या स्नेह्यांचे दुसरे विधान, त्याचा उगम पुष्कळदा त्यांच्या पहिल्या विधानाच्या आचरणातच असतो.

हा समज आमच्याकडे इतका खोल का रुजला असावा, याचा विचार करताना मला एक कारण दिसते. यशवंत कानेटकर हे आमच्या नागपूरचे, आणि त्यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने देशभरातील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना सी भाषेची अक्षरओळख करून दिली. परंतु त्या पिढ्या शिकल्या त्या टर्बो सी आणि डॉस यांच्या जगात, जेथे नवी प्रोसेस निर्माण करणारा फोर्क हा कॉल नव्हता, एका वेळी एकच प्रोग्राम यंत्राचा धनी असे, आणि तो संपला म्हणजे सर्वच संपले असे निःशंकपणे म्हणता येत असे. त्याच पुस्तकाच्या पुढल्या काळातील आवृत्तीत लिनक्सवरील प्रकरणे आली. त्यांत जनक आणि अपत्य प्रोसेस, झॉम्बी, पोरक्या प्रोसेस आणि सिग्नल या सर्वांची ओळख करून दिलेली आहे. म्हणजे सामग्री हाताशी होती. परंतु प्रश्नपत्रिकेत या विषयावर फार तर व्याख्या विचारली जाते, झॉम्बीची व्याख्या पाठ करून विद्यार्थी उत्तीर्ण होतो, आणि प्रत्यक्ष कोड लिहिताना त्याची अंतःप्रेरणा डॉसच्याच काळातली राहते. जो शिक्षक या अंतःप्रेरणेला दुजोरा देतो तो विद्यार्थ्याचे नुकसान करतो, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

आता मृत्यूनंतर काय घडते ते पाहू. प्रोसेस संपते तेव्हा कर्नेल तिची स्मृती मोकळी करतो, तिने उघडलेल्या फाइली मिटतो. परंतु तिचा पीआयडी आणि तिची अखेरची स्थिती एवढी नोंद तो आपल्या कोष्टकात जपून ठेवतो, कारण ती माहिती मागण्याचा हक्क जनकाला आहे आणि जनकाने वेट अथवा वेटपिड या कॉलने ती उचलून नेईपर्यंत ती नष्ट करण्याची मुभा कर्नेलला नाही. मयताच्या वारसाने दाखला नेईपर्यंत कचेरीच्या दप्तरात त्याच्या नावाची नोंद उघडी राहावी, तसा हा प्रकार. ही उघडी राहिलेली नोंद म्हणजेच झॉम्बी. अल्पायुषी प्रोग्रामच्या बाबतीत तिचा उपद्रव होत नाही, कारण जनकच मरतो आणि इनिट त्या नोंदी मिटवून टाकतो. आमच्या स्नेह्यांच्या मताला एवढा आधार आहे आणि तो मी मान्य करतो. परंतु महिनोन्महिने चालणाऱ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक विनंतीगणिक एक नोंद उघडी राहू लागली, तर पीआयडींची संख्या, जी लिनक्सवर परंपरेने ३२,७६८ पर्यंत असे आणि ६४-बिट यंत्रांवर ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते, ती कधीतरी संपणारच. आणि त्या दिवशी फोर्क ईअगेन ही चूक परत करील, म्हणजे नवी प्रोसेस निर्माण करण्यासच यंत्र इन्कार करील. चूक वर्षारंभी केलेली आणि बिघाड पावसाळ्यात प्रकट झालेला, अशा परिस्थितीत मूळ कारणापर्यंत पोहोचणे किती दुष्कर असते हे ज्याने रात्रपाळीत सर्व्हर सांभाळले आहेत त्याला सांगावे लागत नाही.

कंटेनरांच्या प्रसाराने हा प्रश्न अधिकच निकडीचा केला आहे. डॉकरच्या कंटेनरात आपला साधा प्रोग्रामच पुष्कळदा पहिल्या क्रमांकाची प्रोसेस होऊन बसतो, म्हणजे इनिटची सर्व कर्तव्ये त्याच्या अंगावर येतात आणि त्याला त्यांची वार्ताही नसते. पोरक्या झालेल्या प्रोसेस त्याच्याकडे येतात, तो त्यांच्या नोंदी उचलत नाही. पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसने ज्या सिग्नलसाठी स्वतःचा हँडलर बसवलेला नाही त्याचा स्वाभाविक परिणाम कर्नेल तिच्यावर होऊ देत नाही, त्यामुळे डॉकर स्टॉपने पाठवलेला सिगटर्म वाया जातो, ठरावीक १० सेकंद निघून जातात, आणि मग सिगकिल येऊन प्रोग्रामसह त्या कंटेनरातील सर्व प्रोसेस एका क्षणात नाहीशा होतात. अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवट राहते, उघडा व्यवहार उघडा राहतो. कर्नेलचे आवरून घेणे म्हणजे काय, ते हे. डॉकरच्या जानेवारी २०१७ मधील १.१३ या आवृत्तीत कंटेनरासाठी लहानसा इनिट देण्याची सोय मुद्दाम करण्यात आली. कर्नेलच्या भरवशावर हे काम सोडता आले असते तर ती सोय करण्याचे प्रयोजनच नव्हते.

किल शून्याच्या सूचनेविषयी मला अधिक विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ती वरवर अत्यंत समंजस भासते. शून्य क्रमांकाचा सिग्नल कोणालाही इजा करत नाही, केवळ त्या पीआयडीची प्रोसेस आहे काय एवढे सांगतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते आणि ते बरोबरही आहे. पण झॉम्बीच्या बाबतीतही तो होकारच देतो, कारण नोंद अद्याप शिल्लक असते. परिणामी चाचणी लिहिणारा अपत्याला मारतो, एक सेकंद थांबतो, होकार मिळाल्याने गोंधळतो, आणि स्लीप दोन सेकंदांचे, मग पाचाचे करतो. त्याने वेटपिड केले नाही तोवर हा होकार बदलणार नाही. उलट त्याने वेटपिड केले आणि नंतर विचारणा केली, तर नकार मिळतो खरा, परंतु तो पीआयडी दरम्यान दुसऱ्याच एखाद्या प्रोसेसला दिला गेला असेल तर पुन्हा होकार मिळतो, तो एका परक्या प्रोसेसच्या वतीने. कोणत्याही वाटेने गेले तरी हाती येते ती अप्रत्यक्ष साक्ष. प्रत्यक्ष पुरावा वेटपिडनेच आधी दिलेला असतो.

अप्रत्यक्ष साक्षीवर मृत्यूचा निष्कर्ष काढण्याचा हा प्रयोग युनिक्सच्या जन्मदात्यांनी स्वतः करून पाहिला होता आणि सोडूनही दिला होता, ही गोष्ट आमच्या मंडळातील प्रत्येकाने वाचावी अशी आहे. डेनिस रिची यांनी युनिक्सच्या उत्क्रांतीवर लिहिलेल्या निबंधात पीडीपी-७ या यंत्रावरील आरंभीच्या युनिक्सची हकीकत दिली आहे. तेथे फोर्क अवघ्या २७ ओळींच्या असेंब्ली कोडमध्ये बसला होता, आणि वेट हा कॉल नव्हताच. त्याच्या जागी प्रोसेसांनी एकमेकींना निरोप पाठवण्याची एक जोडी होती. शेल नव्या प्रोसेसला एक निरोप पाठवी, जो कोणी घेणारच नाही अशी अपेक्षा असे. शेल त्या कॉलमध्ये अडकून राही, आणि ती प्रोसेस संपली की ज्याला निरोप धाडला तो अस्तित्वात नाही अशी चूक परत येई. त्यावरून शेल ओळखे की आज्ञा पूर्ण झाली. युक्ती चातुर्याची होती. परंतु त्या आज्ञेनेच कधी निरोप वाचण्याचा कॉल केला, तर शेलचा तो खोटा निरोप तिच्या हाती पडे, शेल मोकळा होई, आणि आज्ञा जिवंत असतानाच ती संपली असे समजून पुढची ओळ वाचू लागे. हा दोष रिचींनी स्वतः नमूद केला आहे. आणि पुढे त्या व्यापक पण निसरड्या सोयीच्या जागी, मृत्यूची वार्ता थेट देणारा वेट हा कॉल आला. अर्धशतकापूर्वी ज्या मार्गातील दोष मूळ कर्त्यांनी कबूल करून तो टाकून दिला, त्याचाच अवलंब आज सोय म्हणून सुचवला जावा, हे मला पटत नाही.

स्लीपविषयी काय म्हणावे? एक सेकंद हे परिमाण कोठून आले, याचे उत्तर कोणापाशी नसते. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर ते शंभरपट जास्त असते, आणि चाळीस चाचण्या एकदम धावत असलेल्या भाराक्रांत यंत्रावर अपुरे पडते. पहिल्या ठिकाणी ते वेळ खाते, दुसऱ्या ठिकाणी खोटा अहवाल देते. या जागी वापरण्याजोगी साधने जुनी आणि साधी आहेत. फोर्कच्या आधी एक पाइप उघडावा, त्याचे लेखनाचे टोक केवळ अपत्याकडे राहू द्यावे, जनकाने स्वतःकडील टोक मिटून वाचनाला बसावे. अपत्य ज्या क्षणी संपेल, मग ते कोणत्याही कारणाने असो, त्या क्षणी कर्नेल ते टोक मिटील आणि जनकाच्या वाचनाला शून्य बाइट मिळतील. येथे घड्याळाचा संबंध नाही. ते टोक वारशाने नातवंडांकडे गेले असेल तर शेवटचे नातवंड संपेपर्यंत वाचन अडून राहते, म्हणजे सबंध वंशाचा अंत एका वाचनात सिद्ध होतो.

सिग्नल पाठवण्यापूर्वीची दक्षताही तितकीच महत्त्वाची आहे. सौम्यपणे थांबण्याची चाचणी करताना अपत्याने सिगटर्मचा हँडलर बसवण्यापूर्वीच जनकाने सिगटर्म पाठवला, तर अपत्य त्या सिग्नलच्या स्वाभाविक परिणामाने तत्काळ मरते. आणि चाचणी केवळ ‘मेले काय?’ एवढेच विचारत असेल, तर साफसफाईची एकही ओळ न चालता ती उत्तीर्ण होते. म्हणून अपत्याने हँडलर बसवून झाल्यावर पाइपवर एक बाइट लिहून आपण सज्ज असल्याचे कळवावे आणि जनकाने तो वाचल्यावाचून सिग्नल पाठवू नये. तसेच वेटपिडने दिलेली स्थिती उलगडून अपत्य स्वतःहून बाहेर पडले की सिग्नलने मारले गेले, आणि मारले गेले असेल तर कोणत्या सिग्नलने, हे तपासावे. शेल ज्याला १४३ म्हणतो तो सिगटर्मने आलेला मृत्यू, १३७ म्हणजे सिगकिलने आलेला, आणि शून्य म्हणजे काम नीट आटोपून घेतलेला निरोप. या तिहींना एकाच ‘संपले’ या शब्दाखाली दडपणारी चाचणी प्रोग्रामच्या वर्तनाविषयी काहीच सांगत नाही.

नातवंडांचा उल्लेख वर ओघात आला, त्याकडे वळतो. पायथॉनमध्ये शेलमार्फत आज्ञा चालवून तिला कालमर्यादा घातली, की मर्यादा उलटताच मारला जातो तो शेल; शेलने सुरू केलेला प्रत्यक्ष प्रोग्राम जिवंत राहतो, आणि त्याच्याकडे आउटपुटच्या पाइपचे टोक असेल तर जनक त्या पाइपच्या अखेरीची वाट पाहत ताटकळतो. कालमर्यादा घातलेला कॉलच अमर्याद लांबतो. गो भाषेलाही हाच अनुभव आला आणि फेब्रुवारी २०२३ मधील १.२० या आवृत्तीत वेटडिले नावाची स्वतंत्र तजवीज तिला करावी लागली. यावरचा उपाय अपत्याला स्वतःचा प्रोसेस-गट देणे आणि सिग्नल सबंध गटाला पाठवणे हा. त्यातही गट नेमण्याचा कॉल जनक आणि अपत्य या दोघांनी करावा लागतो, कारण फोर्कनंतर प्रथम कोण धावेल याची हमी नसते. हे सर्व ज्या चाचणीत एकच अपत्य आहे आणि तेही नातवंडाविना, तिला कधीच दिसणार नाही.

त्याचप्रमाणे सिगचाइल्ड. अपत्य संपल्याचे जनकाला कळवणारा हा सिग्नल रांगेत साठत नाही. तीन अपत्ये एकापाठोपाठ गेली आणि त्या अवधीत सिग्नल अडवलेला असला, तर पुढे एकदाच पोहोचतो. ज्या हँडलरने एकदाच वेटपिड केले त्याने दोन झॉम्बी मागे ठेवले. बरोबर हँडलर डब्ल्यूनोहँग या पर्यायासह, उचलण्याजोगे कोणी उरले नाही असे कळेपर्यंत वेटपिड पुन्हा पुन्हा करतो. आमच्या स्नेह्यांच्या मते अशा गोष्टी योगायोगावर अवलंबून असल्याने चाचणीच्या कक्षेत येत नाहीत. येतात. सिगप्रोकमास्कने सिगचाइल्ड अडवावा, तीन अपत्यांना संपू द्यावे, वेटआयडी या कॉलला डब्ल्यूनोवेट हा पर्याय देऊन, नोंदी न उचलता, तिन्ही संपल्याची खात्री करून घ्यावी, मग सिग्नल मोकळा करावा आणि हँडलर चालून गेल्यावर वेटपिडला ईचाइल्ड, म्हणजे उचलण्याजोगे अपत्य नाही, हे उत्तर मिळते काय ते पाहावे. या क्रमात योगायोगाला शिरण्यास फट नाही. शंभर वेळा चालवली तरी चाचणी शंभर वेळा तेच सांगेल. एखादी चाचणी बेभरवशाची आहे असे म्हणताना ती लिहिण्याची रीत बेभरवशाची होती काय, हे आधी विचारले गेले पाहिजे.

चाचणीचीही परीक्षा घेता येते आणि ती घेण्याचा मी आमच्या मंडळात आग्रह धरत आलो आहे : अपत्याला थांबवणारी ओळ कोडमधून तात्पुरती काढावी आणि चाचणी चालवावी. ती उत्तीर्णच राहिली तर ती निरुपयोगी होय. पुष्कळ चाचण्यांतील अपत्य क्षणभर काही छापून आपणहून संपणारे असते, त्यामुळे ते थांबवले गेले की थांबले हे कळण्याचा मार्गच उरत नाही. चाचणीसाठी घेतलेले अपत्य अनंतकाळ थांबून राहणारे असावे. आणखी एक असे असावे की जे सिगटर्मकडे दुर्लक्ष करील, म्हणजे मुदतीनंतर सिगकिलपर्यंत जाण्याचा मार्ग खरोखर चालतो की नाही ते उघड होईल.

मर्यादा नाहीत असे नाही. डिस्कच्या अथवा नेटवर्कवरील फाइलींच्या प्रतीक्षेत अखंडनीय निद्रेत गेलेल्या प्रोसेसला सिगकिलही तत्काळ उठवू शकत नाही, आणि अशी अवस्था चाचणीत हुकमी निर्माण करणे कठीण आहे. चाचणी कायमची अडकू नये म्हणून तिला एकंदर कालमर्यादा हवीच. पण ती मर्यादा उलटली म्हणजे चाचणी अनुत्तीर्ण ठरते, आणि स्लीप संपले म्हणजे ती उत्तीर्ण धरली जाते, हा भेद येथे दृष्टिआड होता कामा नये. पीआयडीच्या पुनर्वापराचा धोका टाळणारे पिडएफडी लिनक्सच्या २०१९ च्या ५.३ या आवृत्तीपासून हाताशी आहेत. विंडोजवर जॉब ऑब्जेक्ट आहेत, आणि त्यांची रीत वेगळी आहे. अनेक कार्यप्रणालींवर चालणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येकीसाठी निराळी चाचणी लिहावी लागेल, आणि ते श्रमाचे काम आहे हे मी नाकारत नाही.

राहता राहिले ते म्हणणे की, हे सर्व लायब्ररींचे काम असून आपण त्यात पडू नये. लायब्ररी काय सांगतात ते पाहावे. रस्टच्या प्रमाण लायब्ररीत चाइल्ड या मूल्याची व्याप्ती संपली तरी प्रोसेस मारली जात नाही आणि तिची प्रतीक्षाही केली जात नाही, असे तिच्या दस्तऐवजातच लिहिलेले आहे. पायथॉनच्या ३.६ या आवृत्तीपासून, चाइल्ड प्रोसेस चालू असतानाच तिचा पॉपेन ऑब्जेक्ट नष्ट होऊ लागला, तर रिसोर्सवॉर्निंग दिली जाते; म्हणजे लायब्ररी इशारा देते आणि निर्णय प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोडते. गोमध्ये स्टार्ट केल्यानंतर वेट करण्याचे दायित्व कॉल करणाऱ्याचेच आहे. ज्याने अपत्य निर्माण केले त्यानेच त्याचा शेवट नोंदवावा, ही अट तिन्ही ठिकाणी कायम आहे, आणि आमच्या सामायिक कोडमध्ये ती पाळली जाते की नाही हे सांगणाऱ्या ज्या चाचण्या आहेत, त्याच काढून टाकण्याचा हा प्रस्ताव आहे. त्यांतील ज्या चाचण्यांत स्लीप आहे त्या पाइपच्या रीतीने पुन्हा लिहाव्यात, आणि एकही वगळू नये, अशी माझी उपसूचना आहे.